दोघींचा हात

मोज्यानं हात धरला नाही.

कल्याणीनं बोटं ताणली, मूठ मिटली, पुन्हा उघडली. हातमोज्याची मऊ जाळी तळव्याला नेहमीसारखी चिकटून बसली होती. समोरच्या पडद्यावर हॉलंडमधल्या काचघरातली टोमॅटोची रोपं ओळीनं उभी होती, शाळेतल्या मुलींसारखी. दुपारपासून तिनं कलमं बांधली होती आणि एकही वाकडं गेलं नव्हतं. काम आटोपलं की मोजा हलकेच आवळायचा, कुणी हात हातात घ्यावा, क्षणभर धरावा आणि सोडावा तसा. ती बँकेची खूण होती. सोलापूरला विडी कामगारांच्या घरकुलातल्या बायका संध्याकाळी दारातून एकमेकींना विचारायच्या, "आज बँकेनं हात धरला का गं?" धरला म्हणजे ओळख पटली, मजुरी खात्यात गेली.

आज मोजा नुसताच गार पडत गेला. पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. हा हात कल्याणी श्रीनिवास चिल्का यांचा नाही.

"मग कुणाचा आहे?" ती म्हणाली.

"कुणाशी बोलतीस गं?" आतून तिच्या बहिणीनं, सुवर्णानं विचारलं. इचलकरंजीत सुवर्णाचं घर होतं आणि चार दिवसांपूर्वी कल्याणी आपली पिशवी आणि मोज्यांची पेटी घेऊन तिथं उतरली होती.

"बँकेशी. ओळख दाखवंना."

"नवीन गावात आलीस, बावरली असंल. उद्या दाखवंल."

उद्याही दाखवली नाही. परवाही नाही. तिसऱ्या दिवशी पडद्यावर आणखी एक ओळ आली. या महिन्याअखेरपर्यंत ओळख पटली नाही, तर खातं गोठवण्यात येईल.

आणि त्या खात्यात कल्याणीचं सगळं पुढचं आयुष्य होतं.

*

विडीचे कारखाने एकामागून एक बंद पडले, तेव्हा सोलापुरात बायकांचे हात रिकामे झाले. साधेसुधे नव्हते ते हात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, एका हाताला कात्री. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. आईच्या पोटातूनच शिकून आल्यासारखी बोटं आपली आपण चालायची आणि वर बायका बोलायला, भांडायला, गायला मोकळ्या.

तिकडे दूर हॉलंडला कलमं बांधायला माणसं मिळत नव्हती. टोमॅटोच्या दणकट जातीचा खुंट घ्यायचा, गोड जातीचा कोंब घ्यायचा, दोन्ही तिरपे कापायचे, जखमेला जखम लावायची आणि इवल्या चिमट्यानं धरून ठेवायची. यंत्राचे हात होते, पण देठ किती दाबला म्हणजे चिरडेल हे त्यांना उमगत नव्हतं. ते बोटांनाच उमगतं. मग मोजे निघाले. सोलापुरात मोज्यातलं बोट हललं की हॉलंडमध्ये यंत्राचं बोट हले आणि तिथल्या देठाचा ओलसर ताठपणा इथल्या बोटाला लागे. घरबसल्या काम. विडीसारखंच.

अडलं ते पगारापाशी. पैसा परदेशी कंपनीचा, परदेशी बँकेत जमा होणारा, आणि बँकेला शाखा नाही, खिडकी नाही, काउंटरवरचा ओळखीचा माणूस नाही. तिनं माणूस ओळखायचा कसा? अंगठा म्हणावा, तर पानं आणि कात्री यांनी या बायकांच्या अंगठ्यावरच्या रेघा कधीच पुसून नेल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्रही त्यांना परत पाठवायचं. गुपित शब्द म्हणावा, तर तो संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ.

तेव्हा बँकेनं हाताची चाल धरली. आपण हात अगदी स्थिर धरला, तरी तो स्थिर नसतो. हृदयाचा ठोका बोटांच्या टोकापर्यंत येतो. स्नायूंचे बारीक धागे आपापल्या वेळी आकसतात. मेंदू आणि मनगट यांची सतत निरोपानिरोपी चाललेली असते. या सगळ्यांची मिळून एक थरथर होते, डोळ्यांना न दिसणारी, आणि ती कुठल्याही दोन माणसांची सारखी नसते. जशी चालताना प्रत्येकाची पावलं वेगळी वाजतात, तशी. मोजा पहिले काही दिवस ती थरथर नुसती ऐकत बसे आणि मनाशी एक चित्र तयार करी. पुढं हात म्हातारा होई, आजारी पडे, तसं चित्रही हळूहळू बदलत नेई. बाळाला रोज बघणाऱ्या आईला बाळ वाढलेलं कळत नाही, पण बाळ ओळखू येतं, तसं.

हे सगळं कंपनीच्या माणसानं घरकुलात येऊन नीट सांगितलं होतं. बायकांनी माना डोलावल्या. आणि घरोघरी जाऊन त्यांनी तेच केलं, जे त्या विडीच्या काळापासून करत आल्या होत्या.

विडीचं कार्ड एकीच्या नावाचं असायचं. पण विड्या वळायचं सगळं घर. सासू वळे, सून वळे, शाळेतून आलेली पोर वळे, बोलता बोलता शेजारीण चार वळून जाई. कार्डावरचं नाव म्हणजे दारावरची पाटी. आत किती माणसं राहतात ते पाटी थोडीच सांगते? त्यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

कंपनी नरसव्वाला घेईना, वय जास्त म्हणून. म्हणून मोजे तिच्या सुनेच्या, कल्याणीच्या नावावर आले. पहिल्या दिवशी कल्याणी बसली. थोड्या वेळानं तिला भात टाकायचा होता. तिनं उजवा मोजा काढला आणि न बघता डावीकडे धरला. डावीकडे नरसव्वा बसलेलीच होती. तिनं हात सारला. मोजा गार व्हायलाही वेळ मिळाला नाही.

बोटं चालू लागताच नरसव्वाच्या ओठांवर विडीच्या काळचं गाणं आलं. ती तेलुगूत गायची. मराठीत सांगायचं तर त्याचा अर्थ असा व्हायचा:

एका पानाच्या गं पोटी, तंबाखूची काळी माती
दोऱ्याला मारू गाठ, तुझ्या हाती माझ्या हाती.

अशी सात वर्षं गेली.

*

"ताई, मी नाडकर्णी बोलते. बँकेच्या मदत विभागातून."

पडद्यावर एक मध्यमवयीन बाई दिसत होत्या. चष्मा, खांद्यावर शाल, मागं खिडकीत पाऊस नाही की ऊन नाही, असं कुठलंसं परदेशी आभाळ.

"मी कल्याणीच आहे, बाई. दुसरी कोण असणार? आधार कार्ड दाखवू?"

"कार्ड नको. तुमचा चेहरा फोटोशी जुळतोय. हातच जुळत नाही." बाईंनी काहीतरी वाचलं. "ताई, एक विचारते. रागावू नका. आमच्याकडे तुमच्या नावानं नोंदलेल्या हाताचा तुमच्या हातात थोडाच भाग आहे, असं यंत्र म्हणतंय. तुम्ही मोजे दुसऱ्या कुणाला घालायला देत होता का?"

कल्याणी म्हणाली, "सासूबाईंना. आम्ही दोघी आळीपाळीनं बसायचो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

नाडकर्णीबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे यंत्राला तुम्ही कधी एकट्या भेटलाच नाहीत. त्यानं दोघींचा मिळून एक हात मनाशी धरला. त्याच्या लेखी कल्याणी चिल्का म्हणजे ती. तुम्ही एकट्या आलात की त्याला कुणी अर्धी परकी बाई आल्यासारखं वाटतं. सासूबाई एकट्या बसल्या तरी तसंच वाटेल."

"मग आता?"

"आता जिला ते ओळखतं, तिला घेऊन या." बाई किंचित हसल्या. "दोघी मिळून एकच आहात, हे त्याला पटवून द्या. एकदा खातं उघडलं की पुढं काय करायचं ते मी बघते. पण महिन्याच्या आत."

कल्याणीनं पडदा मिटला. बाहेर मागांसाठी सूत नेणाऱ्या गाड्या चालल्या होत्या. जिच्याशी निघताना एक शब्द बोलली नव्हती, तिच्याबरोबर बसून आता कल्याणीला सिद्ध करायचं होतं की आम्ही दोघी एकच.

*

भांडण अंबादासवरून झालं होतं.

श्रीनिवास, म्हणजे नरसव्वाचा एकुलता एक मुलगा आणि कल्याणीचा नवरा, मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेला, त्याला चार वर्षं झाली होती. त्यानंतर घरात दोघीच. मग सुवर्णाच्या नात्यातल्या अंबादास वंगाचं स्थळ आलं. बिजवर, शांत, इचलकरंजीत कापडाचं छोटं दुकान. कल्याणीला तो आवडला. लग्नाआधी दुकानावरची खोली भाड्यानं घ्यायची, तिथं आपलं काम मांडायचं, असं तिनं ठरवलं. नव्या घरात दुसऱ्याच्या हाताकडे बघत जायचं नाही. त्यासाठी खात्यातली साठवण होती. घरखर्चापुरते पैसे दर महिन्याला सोलापुरात आपोआप यायचे. मागं उरलेले तिकडेच, बँकेत पडून होते, ते काढायचे.

नरसव्वानं ऐकून घेतलं होतं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "जायचं तर हात झटकून जा. मागं वळून बघू नको."

त्या रागात कल्याणीनं मोज्यांची पेटीही उचलली होती. नाव माझं, खातं माझं, मोजे माझे.

आता एसटीत बसल्यावर, पेटी मांडीवर धरून, तिला शेजारच्या रेणुकाचा फोन आठवत होता. "तुझी अत्तम्मा खिडकीशी बसती दिवसभर. नुसती बोटं हलवती. मांडीवर पान नाही, काही नाही." घरात तेलुगू, म्हणून सासूला अत्तम्मा. मोजे उचलताना हे कल्याणीच्या डोक्यात आलंच नव्हतं, की आपण त्या बाईचं काम उचलून नेलं. गेली चार वर्षं तीच तर जास्त बसत होती.

*

"आलीस? की मोजे परत आलेत?"

नरसव्वा दारातच बसली होती. केस पांढरे, पाठ अजून ताठ.

"दोन्ही आलंय," कल्याणी म्हणाली.

"चहा पाहिजे तर तूच टाक. मी काय नवरीमुलीची करवली नाही."

कल्याणीनं चहा टाकला. दोन कप केले. नरसव्वानं कप घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली, आणि मग कल्याणीनं सगळं सांगितलं. यंत्र काय म्हणतं, बाई काय म्हणाल्या, महिनाअखेर कधी आहे.

नरसव्वा ऐकता ऐकता मध्येच थांबली. "म्हणजे बँकेच्या हिशेबी मी आणि तू एकच बाई?"

"हो."

"मग ही बाई लग्न करतीय का नाही?"

कल्याणीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं.

"आणि माझा हात नाही दिला तर?"

"तर खातं गोठंल. तुमचंही गेलं, माझंही गेलं."

"माझं काय आहे त्यात? नाव तर तुझं आहे." नरसव्वानं रिकामी बशी खाली ठेवली. तिची बोटं तोवर पदराच्या काठाशी खेळायला लागली होती. काठ दुमडत होती, सोडत होती. पेटीकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं. पण बोटांनी बघितलं असावं. "आण," ती म्हणाली. "कुणाची बँक आहे बघू. हात ओळखंना म्हणजे काय."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी नाडकर्णीबाई पडद्याच्या कोपऱ्यात येऊन बसल्या. काचघर उजळलं होतं. पहिल्यांदा कल्याणी बसली. तिनं नेटानं, एकेक देठ जपत कलमं बांधली. मग मोजा काढून टेबलावर मधोमध ठेवला आणि बाजूला सरकली. नरसव्वानं तो उचलला, झटकला, घातला. ती बसली. मग तिनंही काढून मधोमध ठेवला.

परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारख्या बसल्या होत्या दोघी. अंग चोरून, एकमेकींना आधी वाढत.

हा हात कल्याणी श्रीनिवास चिल्का यांचा नाही, असं पडद्यानं पुन्हा सांगितलं.

"तुझंच मन लागंना," नरसव्वा म्हणाली. "इचलकरंजीत राहिलंय."

"आणि तुमचं?"

"माझं कुठं जातंय. मला कोण नेतंय."

"ताई, एक मिनिट," नाडकर्णीबाई मध्ये पडल्या. त्यांच्यासमोर जुनी चित्रं होती. सात वर्षांच्या थरथरीच्या रेघा. "दोन्ही चाली आहेत. दोन्ही जुळताहेत. पण जुन्या रेघांमध्ये दोघींच्या मध्ये एक जागा आहे, ती आज नाही. एक हात थांबतो आणि दुसरा सुरू होतो, तेवढीशी जागा. तेव्हा मोजा गरम असायचा. आज मधल्या वेळात थंड होतोय. आणि त्या जागेत काहीतरी हालचाल असायची, एका अंगाला ओढल्यासारखी. मला सांगता येत नाही नेमकी कशी. यंत्र तीच शोधतंय. त्याची सगळ्यात मोठी खूण हातांची नाही, त्या मधल्या जागेची आहे."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. खूप दिवसांनी.

"पूर्वी आपण असं टेबलावर ठेवत नव्हतो," कल्याणी म्हणाली.

"तू इतकी लांब कुठं बसत होतीस?" नरसव्वा म्हणाली. "ये इकडं. तुझा गुडघा माझ्या मांडीला लागायचा. किती वेळा बोलले, हाड टोचतंय म्हणून."

कल्याणी जवळ सरकली. गुडघा मांडीला लागला. नरसव्वानं मांडी हलवली नाही. मोजा घातला, रोपं आली, बोटं चालू लागली. बाहेर भाजीवाल्याची हाक गेली, रेणुकाच्या घरात कुकर शिटी देऊन थांबला, आणि कल्याणीला कळायच्या आत नरसव्वानं ते जुनं गाणं सुरू केलं होतं. शब्द नीट नव्हते, नुसता ठेका. बोटांनी ठेका ओळखला. गाणं कडव्याच्या शेवटाला आलं, तसं कल्याणीनं न बघता उजवा मोजा काढला आणि डावीकडे धरला, तोंड उघडं करून. नरसव्वाचा हात आत गेला. आत अजून सुनेच्या हाताची ऊब होती.

तिनं एक कलम बांधलं. दुसरं बांधलं. तिसऱ्यावर तिची बोटं थांबली.

"काय झालं?"

नरसव्वानं मोज्यातला हात छातीशी नेला.

"धरला," ती म्हणाली.

*

"आता मुद्द्याचं," नाडकर्णीबाई म्हणाल्या. खातं उघडलं होतं. "नियमानं हे दोन माणसांचं खातं निघालं. शिक्षा होणार नाही, मोजा पहिल्यांदा चाल शिकत होता, त्या शिकवणीच्या वेळी तुम्हाला कुणी नीट विचारलंच नव्हतं. पण पैसे आता दोन नावांवर वाटावे लागतील. यंत्र दोन्ही चाली वेगळ्या काढू शकतं, कापसातून सरकी काढावी तशा. कुणी किती काम केलं ते बरोबर सांगेल. काढू का?"

काय निघणार हे कल्याणीला ठाऊक होतं. श्रीनिवास गेल्यावर ती उठलीच नव्हती. कितीतरी महिने. भिंतीशी पडून राहायची, उशीचा अभ्रा ओला व्हायचा, वाळायचा. खिडकीपाशी मोजे घालून बसलेली पाठमोरी नरसव्वा तेवढी दिसायची, सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. सवयीनं ती मधूनमधून मोजा काढून कल्याणीच्या निपचित हातावर चढवायची आणि लगेच परत घ्यायची, तेवढंच. त्यानंतरही हात पुरते परत आले नव्हते. ते सगळं आता आकड्यांनी समोर यायचं होतं, आणि मग खोली नाही, दुकानाच्या वरचं काम नाही. तरी ती म्हणाली, "काढा, बाई. जे ज्याचं ते त्याला जाऊ दे. यांचंच जास्त आहे."

"काही काढायचं नाही," नरसव्वा म्हणाली.

"अत्तम्मा, खरं सांगते, त्या वर्षी मी एक कलम बांधलं नाही."

"मला माहीत नाही का? मी आंधळी होते?" तिनं मोजा काढला आणि मांडीवर ठेवून हातानं सरळ केला, लहान पोराचा सदरा करावा तसा. "माझं पोर गेलं आणि दुसऱ्या आठवड्यात मी रोपं बांधत बसले. लोक बोलले, म्हातारीला माया नाही. मला रडायला सवड नव्हती, कल्याणी. घर चालवायचं होतं. मागं तू रडायचीस, ते ऐकू यायचं मला. ते ऐकत ऐकत मी काम करायचे. मला वाटायचं, चला, कुणीतरी रडतंय. माझ्या वाटणीचं तू रडलीस, तुझ्या वाटणीचं मी बांधलं."

ती पडद्याकडे वळली. "बाई, तुमच्या मशीनला हिचं रडणं मोजता येतं का?"

"नाही, आजी."

"मग नुसतं माझं काम मोजून काय कळणार त्याला? निम्मं निम्मं लिहा."

नाडकर्णीबाईंनी तसं लिहिलं.

दोन नवी खाती निघाली. नरसव्वाच्या नावाचं हे आयुष्यातलं पहिलं. आणि कल्याणीनं पेटी उचलून खिडकीखालच्या जुन्या जागी ठेवली. "मोजे इथंच राहतील. मी नवीन मागवीन." नरसव्वाच्या वयाचा नियम आडवा आला, तेव्हा नाडकर्णीबाईंनी कंपनीला एवढंच कळवलं की सात वर्षं ज्या हातांची कलमं तुम्ही वाखाणताय, त्यातला एक हात हा आहे. कंपनीला कलमं हवी होती. वय परत कुणी काढलं नाही.

निघताना नरसव्वा दारापर्यंत आली.

"लग्नाला याल ना?"

"बघू. गुडघे धरतात एसटीत." मग म्हणाली, "त्याला सांग, हिला सकाळी चहा आधी लागतो, बोलणं मागनं."

*

दुकानावरची खोली लहान होती, पण खिडकीला उजेड होता. लग्नाला नरसव्वा आली, मागच्या रांगेत बसली, जेवली आणि अंबादासला वरपासून खालपर्यंत बघून रेणुकाला म्हणाली, "बरा आहे. बोलत नाही, ते एक बरं."

कल्याणीचे नवे मोजे आले. पहिले दिवस शिकवणीचे. यावेळी ती एकटीच बसली, दार लावून, कुणाला हात लावू दिला नाही. रोपं आली, खुंट आले, कोंब आले. जखमेला जखम लावून ती चिमटे बसवत राहिली. शिकवणी संपल्याच्या संध्याकाळी मोज्यानं तिचा हात धरला. फक्त तिचा. खातं उघडलं आणि पडद्यावर तिचं नाव आलं, नव्या आडनावासकट.

त्यानंतर काही दिवसांनी मात्र एकदा ओळख पटेना. बाजारात जायची घाई होती, म्हणून तिनं सलग काम ओढलं होतं. तिनं नाडकर्णीबाईंना गाठलं. बाईंनी रेघा बघितल्या आणि त्या गालात हसल्या.

"ताई, तुमच्या चालीत एक खूण आहे. थोड्या थोड्या वेळानं तुम्ही थांबता, मोजा काढता, हात डावीकडे नेता, जरासा तसाच धरता, आणि परत घालता. शिकवणीत रोज केलंय तुम्ही हे. यंत्रानं ते तुमचंच धरलंय. आज ते झालं नाही, म्हणून अडलं."

कल्याणीला आपण हे करतो हे माहीतही नव्हतं.

संध्याकाळी तिनं सोलापूरला फोन लावला. पलीकडे नरसव्वाच्या खिडकीतला आवाज, भाजीवाला, कुकर, सगळं होतं तसं.

"डावीकडं कुणाला देतीस मग?" सगळं ऐकून नरसव्वानं विचारलं.

"कुणाला नाही. तिकडं भिंत आहे. तसाच धरते थोडा वेळ. परत घालते."

फोनवर कलमं बांधल्याची बारीक टिकटिक येत होती. म्हातारी काम करता करताच बोलत होती, ती टिकटिक बंद पडली.

"हात झटकून जा म्हणाले होते तुला," ती म्हणाली. "तेवढं एक काम नीट जमलं नाही."

"नाही जमलं."

"असू दे. आता ठेव फोन. माझा मोजा गार पडायलाय."